सत्तेचाळीस घंटा आणि एक सासरा

वानेस लामोतच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची असतात. ज्यांच्या वस्तू जागच्या जागी असतात ती, आणि उरलेला बेल्जियम. तो स्वतः अर्थातच पहिल्या प्रकारातला, किंबहुना त्या प्रकारातला एकुलता एक! स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या बाटल्या त्याने अक्षरानुक्रमे लावल्या होत्या, मोज्यांच्या जोड्यांना क्रमांक दिले होते, आणि "माझ्याकडून घोटाळा होऊच शकत नाही, माझी पद्धतच तशी आहे," हे वाक्य तो इतक्या शांतपणे म्हणायचा की ऐकणाऱ्याला त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटायचं. ही इच्छा सर्वांत जास्त वेळा त्याच्या बायकोला, लिसेलोटला व्हायची. पण नऊ वर्षं तिने दम धरला होता.

वानेसचा धंदा आवाजाचा. कुठलंही वाद्य घ्यायचं, त्याचा एकेक सूर वेगळा टिपायचा, आणि कॉम्प्युटरमधल्या सॅम्पलर नावाच्या प्रोग्रॅममध्ये नीट रचून ठेवायचा. मग ज्याच्याकडे ते वाद्य नाही त्यानेही घरबसल्या साध्या कीबोर्डवर ते वाजवावं. वानेसने टिपलेली एका पडक्या चर्चमधली पेटी चार देशांतले संगीतकार वापरत होते. पण हे सासरेबुवांना कोण सांगणार? ओमेर क्लापार्ट, वय अडुसष्ट, लिंडेब्रूक गावचे घंटावादक. चौकातल्या मनोऱ्यात सत्तेचाळीस घंटा, आणि गेली एकेचाळीस वर्षं दर शनिवारी बाजाराच्या वेळी ओमेरबाबा त्या वाजवत आलेले. खालच्या खोलीत बसून लाकडी दांड्यांवर दोन्ही मुठींनी ठोके हाणायचे, तारा ओढल्या जायच्या आणि वर घंटांच्या पोटात टोले बसायचे. अशा माणसाच्या लेखी बटण दाबून वाजणारी घंटा म्हणजे दाराची बेल!

"हा माझा जावई," ओमेरबाबा ओळख करून देत. "घरीच असतो."

"करतो काय?"

"दारं उघडतो, लावतो आणि ते टिपून ठेवतो."

फार पूर्वी एकदा वानेसने एका नाटकासाठी दारांच्या कुरकुरीचे आवाज टिपले होते. नऊ वर्षांत त्याने केलेल्या सगळ्या कामांपैकी बाबांच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

वानेसला पैसा नको होता, नाव नको होतं. (तसं ते दोन्ही कुणी देतही नव्हतं.) त्याला फक्त एवढंच हवं होतं, की या माणसाने एकदा, आयुष्यात एकदाच, चारचौघांत म्हणावं, "पोरगा कामाचा आहे." चारचौघं नसली तरी चालतील. मान नुसती हलवली तरी चालेल. त्या हलवण्याचाही वानेसने आवाज टिपून ठेवला असता!

संधी आली ती मनोऱ्याच्या तुळया कुजल्यामुळे. नगरपालिका अकरा वर्षं त्या तुळयांचा अभ्यास करत होती. एक तुळई स्वतःच खाली आली तेव्हा अभ्यास संपला. ठरलं असं, की घंटा उतरवून दीड वर्ष ओतशाळेत ठेवायच्या.

"म्हणजे दीड वर्ष शनिवारचा बाजार मुका?" नगराध्यक्ष मार्लेन वांडेपुट बाईंनी सभेत विचारलं. बाई करारी. चौकात मोटारी आणायला बंदी घातली ती यांनीच, आणि या विषयावर त्या कुठल्याही विषयातून तीन वाक्यांत पोचत. "एक तर चौक आता मोटारींपासून मुक्त झालाय, लोक निवांत फिरतायत, आणि वरून घंटाच नाहीत!"

वानेस उठून उभा राहिला आणि सासऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला.

"घंटा उतरवण्याआधी मी त्या टिपून घेतो. बाबांच्या घरच्या सरावाच्या दांड्यांना मी तारा जोडतो. बाबा चौकात बसून तेच दांडे ठोकतील, आणि मनोऱ्यावरच्या कर्ण्यांतून त्यांच्याच घंटा वाजतील. कुणाला फरक कळणार नाही."

"मला कळेल," ओमेरबाबा मागच्या रांगेतून म्हणाले.

"तुम्हालाही नाही कळणार, बाबा."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि जावयाकडे बघितलं. तसं ते सहसा बघत नसत.

"जावईबापू," ते म्हणाले, "घंटा म्हणजे दार नव्हे."

पण वानेस थांबतोय थोडाच! त्याने सगळ्यांना पद्धत समजावली. एका घंटेचे चार थर. अगदी हळू ठोका, मध्यम ठोका, जोराचा ठोका, आणि बाबा चिडलेले असतानाचा ठोका. दांड्यावर मूठ जितक्या जोरात पडेल तो थर वाजणार. शिवाय प्रत्येक थराचे चार वेगवेगळे ठोके, आळीपाळीने वाजणारे, कारण तोच ठोका परत परत आला की कानाला लगेच कळतं हे यंत्र आहे म्हणून. म्हणजे सत्तेचाळीस घंटा, चार थर, चार ठोके.

"सातशे बावन्न!" वानेस म्हणाला. आपलंच मूल मोजून दाखवावं तसा त्याचा चेहरा झाला होता. "आणि एवढ्यावर मी थांबणार नाही. घंटा तर कुणीही टिपेल. मी लाकूडसुद्धा टिपणार! बाबांची मूठ दांड्यावर पडते तो ठक्क आवाज. त्याचा वेगळा माइक, वेगळा गट. बाबांच्या खोलीत!"

"कशाला?" लिसेलोटने विचारलं.

"जिवंतपणा येतो."

जिवंतपणा आला, एवढं मात्र पुढे कुणालाच नाकारता आलं नाही.

टिपायला शांतता हवी. वसंतातल्या मोठ्या सायकल शर्यती रविवारी दुपारी असतात, आणि त्या वेळी बेल्जियमच्या या फ्लँडर्स भागात कुत्रीसुद्धा टीव्हीसमोर असतात. वानेसने असे तीन रविवार पकडले. वर घंटांपाशी चार माइक, बाबांच्या खोलीत लाकडासाठी एक. स्वतः तो चर्चमागे व्हॅनमध्ये बसला, कानाला घंटांचे माइक लावून. लाकडाचा माइक त्याने ऐकला नाही. लाकडात काय ऐकायचंय? बाबांसमोर एक लाल दिवा ठेवला होता. दिवा लागला की एक ठोका हाणायचा, घंटा पूर्ण विरेपर्यंत गप्प बसायचं, पुन्हा दिवा लागला की पुन्हा एक.

आता घंटा विरायला अर्धं मिनिट तरी लागतं. हळू ठोक्यांच्या वेळी बाबांचं सगळं लक्ष हातावर होतं. पण जोरात ठोकायला अक्कल लागत नाही. मूठ हाणली की अर्धं मिनिट मोकळं. आणि बाबांच्या खोलीला एक छोटी खिडकी आहे, चौकाकडे उघडणारी. सगळं गाव टीव्हीसमोर असताना चौकात जे लोक येतात, ते कुणी आपल्याला बघू नये म्हणूनच येतात. बाबांना ते सगळे दिसत होते. आणि एकेचाळीस वर्षं एकटंच बसून काम केलेल्या माणसाला स्वतःशी बोलायची सवय असते. ती त्याला स्वतःला माहीत नसते.

पुढचे दोन महिने वानेस रचत होता. कुठला ठोका कुठल्या थरात, कुठला थर कुठल्या गटात. सोळा गट झाले. त्यांना त्याने 'घंटा' आणि 'लाकूड' अशी बाळबोध नावं दिली नाहीत. ते म्हणजे सामान्य लोकांचं काम! त्याने सांकेतिक क्रमांक दिले. क-४, क-७, ड-२. कुठल्या क्रमांकाचा अर्थ काय, याचा एक सुबक रंगीत तक्ता छापून, प्लास्टिकमध्ये बंद करून त्याने फ्रिजवर लावला. लाकडाच्या फायली कापताना त्याने घंटांच्या फायलींचीच लांबी वापरली. ठक्क आवाज अर्ध्या सेकंदाचा, पण फाईल अर्ध्या मिनिटाची. सगळ्या सारख्या लांबीच्या. दिसायला फार छान दिसत होत्या.

शुक्रवारी तालीम झाली. बाबांचे सरावाचे दांडे चौकात एका काचेच्या खोक्यात ठेवले होते, म्हणजे एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच गावाला आपला घंटावादक वाजवताना दिसणार होता. मनोऱ्याच्या परांचीच्या फळ्यांवर कर्णे बांधले होते. कॉम्प्युटर नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावर. पण त्या दुपारी चर्चमध्ये कुणाचा तरी अंत्यविधी होता, त्यामुळे हळू वाजवा असा निरोप आला. बाबांनी हळू वाजवलं. फक्त पहिला थर. घंटा अशा काही वाजल्या की चीज विकणारी बाई हातातली सुरी खाली ठेवून वर बघत राहिली.

वानेस धावत खाली आला. "कसं वाटलं, बाबा?"

बाबांनी मनोऱ्याकडे बघितलं, मग आपल्या मुठींकडे.

"लाकूड ऐकू येत नाही," बाबा म्हणाले.

"अं?"

"एवढं सांगत होतास ना, लाकूड, लाकूड! कुठाय लाकूड?"

वानेस घरून फ्रिजवरचा तक्ता घेऊन आला, दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला आणि त्याने लाकडाच्या गटाचा आवाज आठपट केला. वर एक सोयही जोडली, की गटात जे काही बारीक असेल ते आपोआप मोठं व्हावं. मग तक्ता परत फ्रिजवर नेऊन लावला. बाबांना लाकूड हवंय ना? घ्या लाकूड!

शनिवारी अकराला चौक फुलून गेला होता. नगराध्यक्षबाईंनी भाषण केलं. तिसऱ्या वाक्यात मोटारी आल्या. काचेच्या खोक्याशेजारीच फिरमीनची बटाट्याचे काप तळून विकायची गाडी होती, आणि तिच्यासमोर चाळीस माणसांची रांग. फिरमीनच्या गाडीवर पाटी होती, 'रोज सकाळी हाताने कापलेले'. लिंडेब्रूकमध्ये ती पाटी चर्चवरच्या क्रूसाइतकीच पवित्र मानली जायची. क्रूसाखाली मात्र एवढी रांग नसायची.

बाबा काचेत बसले. कानावर घंटा ऐकायचे हेडफोन चढवले आणि मुठी उचलल्या. पहिली धून हळू होती, ती छान पार पडली. दुसरी धून गावाची, जोशाची. बाबांनी मूठ आपटली.

घंटा घणाणल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या ओसरता ओसरता, वर मनोऱ्यावरून, जरा कंटाळलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "आली बघ फिरमीनची व्हॅन."

फिरमीनने तळणीतून मान वर काढली. रांगेतल्या दोघा-तिघांनी आकाशाकडे बघितलं.

"कुणी बोललं का?" फिरमीनने विचारलं.

बाबांनी तोच दांडा परत ठोकला. काही नाही, नुसती घंटा. परत ठोकला. नुसती घंटा. कारण ठोके चार होते, आळीपाळीने वाजणारे, आणि बाबा बोलले होते ते त्यांतल्या एकावरच. लोक निवांत झाले. फिरमीन हसला. मग बाबांनी शेजारच्या दांड्यावर मूठ हाणली.

"गोठवलेले," मनोरा म्हणाला. "पिशव्याच्या पिशव्या. हाताने कापलेले म्हणे! हाताने पिशवी कापत असेल."

वरच्या मजल्यावर वानेसला यातलं काही कळत नव्हतं. कर्णे बाहेरच्या बाजूला तोंड करून होते, खिडकी बंद होती, आणि तो समोरच्या पडद्यावर सोळा गटांचे सोळा हिरवे दिवे नाचताना बघून धन्य होत होता. फोन वाजला. लिसेलोट होती.

"वानेस, बाबा बोलतायत!"

"बाबा वाजवतायत."

"वाजवतायत पण आणि बोलतायत पण! तोंड मिटलेलं आहे त्यांचं, मी समोर उभी आहे!"

"लिसेलोट, घंटेच्या आवाजात अनेक उपस्वर असतात, न शिकलेल्या कानाला कधी कधी असा भास..."

"उपस्वर बाईंच्या मोटारीबद्दल बोलतायत!"

वानेसने खिडकी उघडली.

"आल्या बाई मोटारीतून," मनोऱ्यावरून स्वच्छ आवाज आला. "चौक सगळ्यांना बंद. बाईंना केक आणायचाय ना, मग चौक उघडा. सावकाश, बाई, पाटीला धडकाल. तुमचीच पाटी आहे ती."

खाली नगराध्यक्षबाई भाषणाचा कागद हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी तो तोंडासमोर धरला.

आता तुम्ही म्हणाल, बाबा थांबले का नाहीत? एकेचाळीस वर्षं घंटांखाली बसून बाबांचे कान असे झाले होते की त्यांना घंटा ऐकू यायच्या, माणसं मोठ्याने बोलली तरच. याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांना काचेतून दिसत होतं ते एवढंच, की लोक उभे राहिलेत, हात वर करतायत, ओरडतायत. आपलं वादन एवढं आवडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं! बाबांना चेव आला. ते चौथ्या थरावर गेले.

वानेस कॉम्प्युटरवर तुटून पडला. लाकडाचा गट बंद केला की संपलं! एक टिचकी! पण लाकडाचा गट कुठला? पडद्यावर सोळा नावं. क-४. क-७. ड-२. ड-२ म्हणजे लाकूड जोराचं, की ड-२ म्हणजे मोठ्या घंटा? तक्ता! तक्ता घरी होता. फ्रिजवर. जागच्या जागी.

"लिसेलोट! क-७ म्हणजे काय?"

"काय म्हणजे काय?"

"तक्त्यावर! तू रोज फ्रिज उघडतेस!"

"मी दूध काढायला उघडते, वानेस!"

"आठव ना! हिरवी चौकट..."

"हिरव्या चौकटीवर मी वाणसामानाची यादी चिकटवलीय!"

वानेसने डोळे मिटले, मन घट्ट केलं आणि क-४ पासून क-११ पर्यंत सगळं एकदम बंद केलं.

घंटा थांबल्या.

फक्त घंटा.

लिंडेब्रूकच्या चौकात क्षणभर असा सन्नाटा पसरला की तळणीतलं तेल चुरचुरताना ऐकू आलं. मग ठक्क, ठक्क, ठक्क, लाकडाचा आवाज, अतिशय जिवंत. आणि त्यामागून, घंटांचा अडथळा दूर झाल्यामुळे, एकदम चार-चार, पाच-पाच ओमेरबाबा बोलायला लागले. एक म्हणतोय, "गोठवलेले!" दुसरा म्हणतोय, "आल्या परत, आज दोन केक!" तिसरा शिंकतोय. चौथा म्हणतोय, "पिशव्याच्या पिशव्या!" आणि पाचवा कुणाच्या तरी टोपीला हसतोय.

हेडफोनमधल्या घंटा गेल्या तसे बाबा थांबले. हेडफोन काढून काचेच्या खोक्यातून बाहेर आले. चारशे माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"घंटा कुठे गेल्या?" बाबांनी विचारलं.

शेवटचे काही ठोके अजून विरायचे होते. बाबा ओठ मिटून उभे होते, आणि वरून त्यांचाच आवाज उसासा टाकून म्हणाला, "आज परत लिसेलोटची चिकोरीची भाजी. हॅममध्ये गुंडाळून. नऊ वर्षं कडू चिकोरी खातोय. वर छान झालीय म्हणायचं."

लिसेलोट बाबांपासून दोन हातांवर उभी होती. दर रविवारी बाबा दोनदा वाढून घ्यायचे.

"बाबा?" ती म्हणाली.

"काय?" कानामागे हात लावत बाबा म्हणाले. "जरा मोठ्याने बोल."

पुढच्या आठवड्यात काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. नगराध्यक्षबाईंना कुणी काही बोललं नाही. लिंडेब्रूकमध्ये नगराध्यक्षाने खोटं बोलावं अशीच अपेक्षा असते. पण बटाट्याने? फिरमीनची रांग चाळीसवरून चारवर आली, आणि ते चौघेही बाहेरगावचे होते. त्याने पाटी उतरवली, मग परत लावली, मग 'हाताने'वर चिकटपट्टी मारली. बाबांना कसलाही पश्चात्ताप झाला नाही. "मी खोटं काय बोललो?" एवढंच ते म्हणत राहिले, आणि गावातले लोक त्यांना दुरूनच फार अदबीने नमस्कार करायला लागले. बाबांचं खरं दुःख एकच. लिसेलोटने रविवारचं जेवण बंद केलं.

बाईंनी वानेसला बोलावून घेतलं. "शनिवारपर्यंत सगळं साफ झालं पाहिजे. एकही शब्द राहता कामा नये. कळलं?"

"कळलं."

"आणि दुसरा केक माझ्या बहिणीसाठी होता!"

खरं म्हणजे साफ करायला एक मिनिट पुरलं असतं. लाकडाच्या सगळ्या फायली एकदम निवडायच्या आणि अर्ध्या सेकंदावर कापायच्या. धंद्यातलं कुणीही हेच केलं असतं. पण वानेस सोमवारी सकाळी हेडफोन लावून बसला आणि एकेक फाईल ऐकायला लागला. पहिली, दुसरी, तिसरी. सातशे बावन्न.

"एकदम नाही का कापता येत?" लिसेलोटने विचारलं.

"तसं घाईने करायचं काम नाही हे. प्रत्येक फाईल तपासावी लागते."

लिसेलोटला कळत होतं तो काय शोधतोय ते. बाबांनी सगळ्या गावाला नावं ठेवली, प्रत्येकाचं काही ना काही काढलं. मग तीन रविवार ज्याने ऊन खात व्हॅनमध्ये काढले, जो चार माइक पाठीवर घेऊन दोनशे पायऱ्या चढला, त्या जावयाबद्दल काही बोलले नसतील? शिवी तर शिवी! निदान घरीच असतो, एवढं तरी?

सोमवारी त्याला फिरमीन सव्वीस वेळा सापडला. मंगळवारी नगराध्यक्षबाई चौदा वेळा, बेकरीवाल्याचा लंगडा कुत्रा सहा वेळा, त्यात दोनदा कौतुकाने. खिडकीत एक कबुतर येऊन बसायचं, त्याच्याशी तर बाबांनी मोठमोठी संभाषणं केली होती. त्याला नाव ठेवलं होतं, शर्यतीत कोण पुढे आहे ते त्याला सांगितलं होतं, आणि एका मध्यम घंटेच्या चौथ्या थरात त्याला चक्क म्हणाले होते, "तू समजूतदार आहेस." त्या शब्दांवर वानेस बराच वेळ थांबला. फाईल परत ऐकली, लिसेलोटलाही ऐकवली. कबुतरच होतं. पंखांचा आवाज स्पष्ट होता.

बुधवारी दुपारी सातशे बावन्नावी फाईल आली. सर्वांत मोठी घंटा, सर्वांत जोराचा ठोका. वानेसने आवाज पूर्ण मोठा केला. ठक्क. मग बाबांचा श्वास. मग खुर्ची कुरकुरली. मग बाबा म्हणाले, "झालं एकदाचं." आणि दार उघडून निघून गेले.

वानेसने हेडफोन काढले. कोट चढवला आणि तडक बाबांच्या घरी गेला. बाबा स्वयंपाकघरात उभ्यानेच ब्रेडला लोणी फासत होते.

"बाबा," वानेस मोठ्याने म्हणाला, "मी सगळं ऐकलं. सगळ्या फायली. तुम्ही सगळ्या गावाबद्दल बोललात."

"मग?"

"माझ्याबद्दल एक शब्दही नाही."

बाबा सुरी हातात धरून विचार करायला लागले. प्रामाणिकपणे आठवत होते, हे दिसत होतं. वानेसला त्यांचा तो प्रामाणिकपणा बघवेना.

"तू होतास का तिथं?" बाबांनी विचारलं. "मला वाटलं, ते आपोआप चालतं."

वानेस घरी आला आणि त्याने एका टिचकीत सगळ्या फायली अर्ध्या सेकंदावर कापल्या. मोजून चाळीस सेकंद लागले.

संध्याकाळी जेवताना लिसेलोटने विचारलं, "झालं सगळं ऐकून?"

"झालं."

"तुझ्याबद्दल होतं काही?"

वानेसने ताटातला घास इकडून तिकडे केला. "होतं ना. एकच होतं. मोठ्या घंटेवर, अगदी शेवटी. म्हणाले, पोरगा कामाचा आहे."

लिसेलोटचा काटा हवेतच थांबला. "बाबा? असं म्हणाले? ऐकव बघू!"

"कापलं गेलं बाकीच्यांबरोबर. राहिलं नाही."

लिसेलोटने काटा खाली ठेवला. मग त्याच्या हातावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, "कबुतराला म्हणाले असतील रे."